आलापल्लीतील दोन ढीग

चंद्रपूरहून गोंडपिपरीमार्गे निघून आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली, की पुढे सागाचे अरण्य दाटत जाते. आलापल्लीहून भामरागडच्या वाटेवर ‘वनवैभव’ हा राखून ठेवलेला वनखंड लागतो; २०१४ साली त्यास जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तेथे पानांचा थर पावसाळ्यागणिक कुजून माती होतो. गावाकडे परतताना रस्त्याच्या कडेला दुसरा ढीग दिसला. चहाचे कप, वेष्टने, नारळाच्या करवंट्या आणि प्रौढांचे वापरलेले डायपर. तो मंद धुमसत होता.

असा धूर दमेकऱ्याला आणि हृदयविकाराच्या रुग्णाला फार महागात पडतो. डासांविषयी मात्र एक खुलासा हवा. गडचिरोलीचा हिवताप पसरवणारे डास मुख्यतः ओढ्यानाल्यांत वाढतात. कचरा उचलल्याने हिवताप हटणार नाही. डेंग्यूचा डास मात्र करवंटीत आणि कपातल्या घोटभर पाण्यातही अंडी घालतो.

शासनाचे साहाय्य आहे. २०२० साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावास माणशी ६० रुपये, त्याहून मोठ्या गावास ४५ रुपयांपर्यंत तरतूद ठरली. म्हणजे दहा हजार वस्तीला साडेचार लाख. प्लास्टिक प्रक्रिया केंद्रासाठी तालुक्यास १६ लाखांपर्यंत. यातून शेड उभी राहते, घंटागाडी येते. ती रोज चालवायची, तर मजुरी आणि देखभाल ग्रामपंचायतीच्या माथी. माझ्या मते योजनांची खरी कसोटी उद्घाटनाच्या दुसऱ्या वर्षी लागते. ग्रामसभेत ज्येष्ठांनी हाच हिशेब विचारावा.

शेडमध्ये कचरा निवडतात ते हातच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरातून निघणारी सुई त्या हातांत रुतू शकते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी सुया आणि मुदत संपलेली औषधे हा घरगुती घातक कचरा मानून वेगळा ठेवण्यास सांगितले होते. इन्सुलिनची सुई टोपण पुन्हा न लावता जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यात टाकावी. डबा तीन चतुर्थांश भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर ‘सुया’ असे लिहून, तो कुठे द्यायचा हे आरोग्य केंद्रात विचारावे. डायपर मात्र कागदात घट्ट गुंडाळून, खूण करून, घंटागाडीवाल्याच्या हाती निराळा द्यावा.