घाटघरचं पाणी, रक्ताच्या वाटा

११ जुलै, शेंडी

सकाळपासून संततधार. मी उतरले आहे त्या घरातली सगळी माणसं आवणीला गेली आहेत. मागे राहिली ती मालकीणबाईंची नात. राजूरला अकरावी विज्ञानला आहे. ओट्यावर पुस्तक उघडून बसली होती. म्हणाली, ‘मॅडम, तांबडी पेशी, पांढरी पेशी, सगळ्यांची मूलपेशी एकच आणि डीएनए पण तोच. मग कुणी काय व्हायचं ते ठरवतं कोण?’

आयुष्यभर रक्त तपासलं, शिकवलं, पण इतक्या थेट शब्दांत हा प्रश्न मला वर्गात फार थोड्या वेळा ऐकायला मिळाला. आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. त्या प्रत्येकीच्या मागे हाच प्रश्न सुटलेला असतो. तिला म्हटलं, उद्या घाटघरला जाऊ, तिथे सांगते.

१२ जुलै, घाटघर

कोकणकडा ढगात होता, तरी कड्याचा माथा दिसत होता. इथे पडलेला थेंब पश्चिमेला घसरला तर शहापूरच्या अंगाने अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला वळला तर प्रवरेतून गोदावरीत आणि पुढे बंगालच्या उपसागरात. थेंब तोच, उतार वेगळा. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांनी १९५७ मध्ये पेशीच्या घडणीचं असंच चित्र काढलं होतं: डोंगरउतार, त्यात फुटणाऱ्या दऱ्या, आणि घरंगळत जाणारा गोळा.

पेशीतले हे उतार घडतात रसायनांनी. डीएनएवर मिथाइलचे गट बसले की त्या भागातली जनुकं बहुधा गप्प होतात. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवर ॲसिटिल बसलं की गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचता येतं. गाटा-१ प्रथिनाचा जोर झाला की पेशी तांबडीच्या वाटेला लागते, पीयू-१ चा झाला की पांढरीच्या. दोघं एकमेकांना दाबतात. मिथाइल बसवणारं डीएनएमटी३ए आणि ते काढायला लावणारं टेट२, या जनुकांत उतारवयात बिघाड झाला तर एकाच मूलपेशीची प्रजा मज्जेत पसरू लागते, आणि रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

परतताना तिनेच उदंचन प्रकल्पाकडे बोट दाखवलं. २५० मेगावॉटचा. खाली सोडलेलं पाणी वीज खर्चून पुन्हा वर चढवतात. जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या त्वचेच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना मूलपेशींसारखं केलं, ते हेच.

१३ जुलै

तिची वसतिगृहातली मैत्रीण नंदुरबारकडची. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, हिवाळ्यात हातपाय असह्य दुखतात. मग आज दुसरं काहीच बोललो नाही.

या आजारात बीटा ग्लोबिनच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. पण नवजात बाळाला त्रास होत नाही, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भीय हिमोग्लोबिन भरपूर असतं. न्यूयॉर्कच्या जॅनेट वॉटसन यांनी हे १९४८ मध्येच ओळखलं होतं. जन्मानंतर काही महिन्यांत गर्भीय जनुकं मिथाइल बसून, बीसीएल११ए या प्रथिनाच्या दाबाखाली बंद होतात. पण नाहीशी होत नाहीत, जागच्या जागी असतात! १९८२ मध्ये थॅलेसिमियाच्या एका रुग्णाला मिथाइल उतरवणारं ॲझासिटिडीन दिलं आणि गर्भीय हिमोग्लोबिन वाढलं. मला तो शोधनिबंध आजही विलक्षण वाटतो. बीसीएल११ए चं काम २००८ मध्ये उलगडलं.

१५ जुलै

पाऊस थोडा उघडला. ती विचारत होती, मग मैत्रीण बरी होईल का?

एक उपचार आहे: रुग्णाच्याच मूलपेशी काढून, तांबड्या पेशींत बीसीएल११ए चालू ठेवणारा डीएनएचा तुकडा क्रिस्पर या जनुकीय कात्रीने तोडायचा आणि त्या पेशी परत द्यायच्या. ब्रिटन आणि अमेरिकेने या उपचाराला २०२३ च्या अखेरीस मंजुरी दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, शिवाय आधी तीव्र औषधांनी जुनी मज्जा रिकामी करावी लागते. नंदुरबार-गडचिरोलीच्या पाड्यांना आज त्याचा उपयोग नाही, हे तिला स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी जुलैमध्ये देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवून. तपासणी हवीच. पण आजार सापडल्यावर हातात काय द्यायचं? हायड्रॉक्सियुरिया. रोजची कॅप्सूल, जुनं औषध, गर्भीय हिमोग्लोबिन वाढवतं, लहान मुलांनाही देता येतं. मात्र पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून रक्तमोजणी नियमित लागते. कॅप्सूल पोचली आणि मोजणीची सोय तालुक्याला राहिली, तर औषध मध्येच सुटतं.

तिने औषधाचं नाव वहीत लिहून घेतलं. आता मैत्रिणीला विचारणार आहे, ती ते घेते का, आणि शेवटची मोजणी कधी झाली.