देता येईल ते बी



मृग नक्षत्र तोंडावर आले आहे. पडशी भरणे, टाळांच्या दोऱ्या बदलणे, दिंडीत नाव घालणे अशी तयारी घरोघर सुरू झाली असेल. याच दिवसांत परसात, अंगणात, शहरात राहणाऱ्यांच्या गच्चीवर चार भाज्या लावाव्यात असेही मनात येते. बियाण्याच्या दुकानात गेले की शंभर पाकिटे समोर येतात आणि प्रत्येकावर असे फळ रंगवलेले असते की घेतल्यावाचून राहवत नाही. मग यातले घ्यावे कोणते? प्रश्न साधा दिसतो, पण त्यात विवेक आहे.

कोणी म्हणेल, महाराज, मासिक परमार्थाचे आणि विषय भाजीचा, हे कसे जमावे? याचे उत्तर संतांनीच देऊन ठेवले आहे. अरणचे सावता महाराज माळी होते. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत. पांडुरंगच त्यांच्या मळ्यात आला, असे संप्रदाय सांगतो. इ.स. १२९५ साली त्यांनी समाधी घेतली. आजही पंढरपूरहून देवाची पालखी अरणला त्यांच्या भेटीस जाते. इतर संतांच्या पालख्या देवाकडे येतात, इथे देव भक्ताकडे जातो. तेव्हा मळ्याचा विषय परमार्थाबाहेरचा, असे निदान वारकऱ्याने तरी म्हणू नये.

बी निवडताना पहिला विचार काळाचा. भेंडी, गवार, दोडका, कारले, चवळी ही पावसाळ्यात येतात. मेथी, पालक, मुळा, गाजर यांना थंडी मानवते. उन्हाळ्यात कोथिंबीर पेरली तर ती पाने धरण्याआधीच फुलावर जाते. दुसरा विचार उन्हाचा. फळभाजीला दिवसाचे सहा तास तरी ऊन हवे. पालेभाजी त्याहून कमी उन्हातही भागवते. गच्चीवर चार भिंतींच्या सावलीत वांगे लावून ते फळत नाही म्हणून कुढू नये. तिथे मेथी पेरावी.

तिसरा विचार आपल्या घरच्या आचाराचा, आणि तो कोणत्याच पाकिटावर छापलेला नसतो. चातुर्मासात आपल्यापैकी कितीतरी घरी कांदा, लसूण, वांगे वर्ज्य असते. म्हणून तर आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी होते. अशा घराने मृगावर वांगी लावून भाद्रपदात लगडलेली झाडे नुसती पाहत बसावे काय? वांग्याचे बी श्रावणात रोपासाठी टाकावे, महिना-सव्वा महिन्याने रोपे लावावीत. कार्तिकी उलटता उलटता तोडा सुरू होतो आणि चंपाषष्ठीचे भरीत घरच्या वांग्याचे होते. तसाच राजगिरा. कोवळा असताना त्याची भाजी, आणि कणसे पिकू दिली तर एकादशीला दाणा. एका पेरणीत दोन्ही साधतात.

आता मुख्य गोष्ट. पाकिटावर वाणाच्या नावाजवळ काय लिहिले आहे ते चष्मा लावून वाचा. ‘संकरित’, ‘हायब्रिड’ किंवा ‘एफ-१’ असे लिहिले असेल, तर ते दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून केलेले बी आहे. त्याचे पीक एकसारखे येते, पुष्कळदा भरघोसही येते. पण त्या फळाचे बी धरून पुढच्या वर्षी पेराल, तर झाडे एकासारखी एक येत नाहीत. बापाचा गुण एकात, आजीचा दुसऱ्यात. म्हणजे दरवर्षी पुन्हा दुकान. ज्या शेतकऱ्याला बाजार गाठायचा आहे, त्याने ते लावावे. त्यात अधर्म काही नाही. पण तुमच्या-आमच्या परसातल्या चार वेलांना बाजार गाठायचा नाही. आपण सरळ वाण घ्यावा, मग तो गावरान असो की कृषी विद्यापीठाने काढलेला. परभणीच्या विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी, ‘पुसा रुबी’ टोमॅटो, ‘पुसा चेतकी’ मुळा, ‘ऑल ग्रीन’ पालक हे सगळे सरळ वाण आहेत. यांचे बी नीट धरले तर पुढेही तेच पीक देते.

मी सरळ वाणाचा एवढा आग्रह का धरतो, ते सांगतो. पन्नास वर्षे गावोगाव कीर्तने केली. बिदागीत श्रीफळ, उपरणे, कधी पायलीभर ज्वारी मिळे. बीड जिल्ह्यातल्या एका गावी काल्याच्या दिवशी एका म्हाताऱ्या माउलीने पदराची गाठ सोडून माझ्या हातावर घेवड्याच्या मूठभर बिया ठेवल्या. काळसर बी, पांढरी शीर. म्हणाली, “माझ्या सासूच्या हातच्या हायेत महाराज. लावा, आन् दुसऱ्याला द्या.” मी परसाच्या कुंपणाला वेल चढवला. दरसाल शेंगा खाल्ल्या, बी धरले आणि तिच्या सांगण्याप्रमाणे मागेल त्याला दिले. लेक पुण्याला राहते, तिनेही गच्चीवर मोठ्या कुंडीत वेल लावला.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यात जी गारपीट झाली, ती तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. बियांसाठी वेलावर वाळत ठेवलेल्या शेंगांसकट आमचा वेल मातीत गेला. जुने बी तर पेरून आणि वाटून आधीच संपले होते. त्या म्हाताऱ्या माउलीच्या गावी निरोप धाडला, तर ती वारलेली, आणि तिच्या घरी वेल कोणी लावला नव्हता. सासू-सुनांच्या हातून कोण जाणे किती पिढ्या चालत आलेले ते बी तिथे संपले होते. ते वाचले फक्त लेकीच्या कुंडीत. आषाढात तिने पुडी पाठवली. त्यातल्या निम्म्या बिया मी लावल्या आणि निम्म्या त्या माउलीच्या नातवाला नेऊन दिल्या. त्याने दोन्ही हातांनी घेतल्या आणि कपाळाला लावल्या.

माउली, याचा अर्थ नीट पाहा. मी जे घरात ठेवले होते ते गेले. जे दिले होते ते परत आले. बी डब्यात ठेवून कायमचे राखता येत नाही, कारण बी सजीव आहे. कांद्याचे बी वर्ष-दीड वर्षातच कमजोर होते. टोमॅटो, वांगे, काकडी यांचे बी चार वर्षे निभावते. पण पेरल्यावाचून कोणतेच बी कायमचे टिकत नाही. आपला संप्रदायही असाच आहे. चाल गुरुमुखातून घ्यावी आणि पुढच्याच्या मुखात घालावी. नुसती वहीत लिहून ठेवलेली चाल गात नाही.

बी धरण्याची रीत अवघड नाही. घेवडा, चवळी, गवार, मेथी, टोमॅटो यांचा परागसंयोग बहुतांशी आपल्याच फुलात होतो, म्हणून नवख्याने यांपासून सुरुवात करावी. दुधी, दोडका, काकडी यांची फुले माश्यांच्या भरवशावर असतात. शेजारी दुसऱ्या जातीचा दुधी असेल तर बी मिसळते. म्हणून त्यांची एकच जात लावावी. आणि खाऊन उरलेल्या किडक्या शेंगांचे बी कधी धरू नये. नैवेद्य जसा आधी बाजूला काढतो, तसे सर्वांत निरोगी झाडाचे उत्तम फळ बियांसाठी आधीच राखावे. दोडका वेलावरच वाळून खुळखुळू द्यावा. बी सावलीत वाळवून, राख लावून, कोरड्या बरणीत ठेवावे आणि वर वाणाचे नाव व साल लिहावे. पेरण्याआधी २० बिया ओल्या फडक्यात बांधून पाहाव्यात; १४ उगवल्या तर उगवण ७० टक्के समजावी आणि त्या बेताने थोडे दाट पेरावे.

काही बियाणे तर घरातच असते. मसाल्याच्या डब्यातली मेथी पेरा, तीन-चार दिवसांत उगवते. धने हलके रगडून दोन दले करा आणि रात्रभर भिजवून पेरा. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळल्या की बारीक बी निघते. ते ओल्या मातीवर भुरभुरावे, वर चिमूटभरच माती टाकावी. खोल पुरले तर ते वर येत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या या माउलीने गावरान बियाण्यांची बँक उभी केली. बँक म्हटले तरी तिथे ठेव नुसती पडून राहत नाही. बी घ्यायचे, पेरायचे आणि वाढवून परत द्यायचे. देण्याघेण्यावर ते जिवंत राहते.

तेव्हा यंदा दुकानात गेलात की एवढेच विचारा, “याचे बी मला धरता येईल का?” हो म्हटले तरच घ्या. जास्त नको, एकच वाण नीट सांभाळा आणि दोन घरी द्या. त्यातले एक घर दुसऱ्या गावचे असू द्या, म्हणजे एकीकडे गारा पडल्या तरी दुसरीकडे वेल उभा राहील. तुमच्या घरी कोणाच्या हातचे जुने बी असेल, तर यंदाच्या वारीत पडशीत त्याची एक पुडी ठेवा. ज्यांच्या ओसरीवर मुक्काम होईल, त्या माउलीच्या हातावर ती ठेवा आणि कोणाच्या हातचे बी आहे तेही सांगा. पेरणीचे दिवस तेच आहेत.

रामकृष्ण हरी.