निम्म्या पाण्याची सॅक

गेल्या पावसाळ्यापासून उजव्या अंगठ्याचा सांधा धरला आहे. डोंगरात पळणाऱ्याला अंगठ्याचं काय, असं कुणालाही वाटेल. पण माझं सगळं तंत्र त्याच्यावर उभं होतं. पाणी पोटात गेलं की पाठीवरची सॅक तेवढी ढिली होते. ती उड्या मारायला लागायच्या आत, पाऊल न थांबवता, छातीवरचा पट्टा अंगठ्यानं बारीकसा ओढून घ्यायचा. घसाऱ्यावरून उतरतानाही मी तो न बघता नेमका ओढायचो, आणि मागून येणाऱ्या पोरांनी ते पाहावं असं मला मनापासून वाटायचं. कुणी विचारलं तर समजावताना मुद्दाम वेळ लावायचो.

आता अंगठा ऐकत नाही. त्यामुळे हलकी सॅक निवडण्याचा जुनाच प्रश्न माझ्यापुढे नव्यानं उभा राहिला आहे.

दुकानात सॅक रिकामी घालून बघतात. जाणकार ती भरून बघतात. पण भरलेली सॅक बहुधा नीटच बसते, कारण २ लिटर पाणी आतल्या ब्लॅडरला, म्हणजे नळीच्या पिशवीला, ताठ धरून ठेवतं. खोट कळते ती निम्म्या पाण्यावर. ब्लॅडर खाली फुगतो, वर लुळा पडतो. वजन खांद्याच्या पात्यांमधून कमरेकडे सरकतं आणि प्रत्येक पावलामागून जरा उशिरा पाठीवर आदळतं. ब्लॅडर उलटा करून नळीतून हवा ओढली की डुचमळणं थांबतं, आदळणं थांबत नाही. पट्टा आवळावा तर चढावर छाती भरून श्वास घेता येत नाही. श्वासाला जागा ठेवावी तर उतारावर मणक्याला ठोके बसतात. इतकी वर्षं या दोन्हींच्या मधला मार्ग माझा अंगठा काढत होता.

छातीवरच्या सॉफ्ट फ्लास्कनी हे सगळं मिटवलं असं तरुण मंडळी सांगतात. ५०० मिलीचे दोन फ्लास्क, प्यावं तसे आकसतात, किती उरलं ते हाताला कळतं. आतकरवाडीतून सिंहगड चढून उतरायचा तर तेवढं पुरे. पण मार्चनंतर राजगडाच्या अळू दरवाजातून उतरून धारेनं तोरण्याची बुधला माची गाठायची असेल, तर १ लिटरला कोण विचारतो? कातळ तापलेला, सावली नावाला. तिथं पाणी पाठीवर घ्यावंच लागतं. शिवाय माझ्याकडे सरावाला येणाऱ्या एका मुलीला हे भरलेले फ्लास्क छातीवर काचतात. पुरुषांच्या मापाची व्हेस्ट लहान आकारात शिवली म्हणजे ती बाईच्या अंगाची होत नाही, हे दुकानदारांच्या गळी कधी उतरणार कोण जाणे.

ग्रॅम मोजणाऱ्यांशी माझं पटत नाही. दोन सॅकमध्ये ५० ग्रॅमचा फरक म्हणजे ५० मिली पाणी, दोन घोट. तेवढ्यासाठी पाठीची जाळी इतकी विरविरीत घेतात, की दमट हवेत घामानं भिजून ती गुंडाळते आणि कातडं सोलते. या सॅकचा आराखडाही थंड डोंगरांतला. यूटीएमबीसारख्या आल्प्समधल्या शर्यतीत जलरोधक जॅकेट आणि उबदार कपडे बरोबर न्यावेच लागतात. ते कपडे ब्लॅडरभोवतीची पोकळी भरून काढतात आणि पाणी कमी झालं तरी सॅकचा आकार टिकतो. आपण एप्रिलात तीच सॅक नुसत्या पाण्यासाठी वापरतो. मग ती पोकळी भरणार कशानं?

कोणत्या टाक्यात कोणत्या महिन्यापर्यंत पिण्याजोगं पाणी असतं, हे पूर्वी प्रत्येक भटक्याला तोंडपाठ असे आणि त्यावरून तो पाठीवरचं पाणी ठरवी. आता घड्याळात वाटेचा नकाशा असतो, पण त्यात टाकं नसतं. वाटेवरच्या धनगरवाड्यात कुणी विचारतही नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

टेक्सासमधल्या मायकेल आयडसनची गोष्ट हल्ली सारखी आठवते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस एका कडक उन्हाळी सायकल शर्यतीत त्यानं सलाइनची पिशवी पाण्यानं भरली, लांब पायमोज्यात घातली आणि पाठीवर अडकवली. त्यातूनच पुढे कॅमलबॅक कंपनी उभी राहिली. लोक त्या पिशवीचं कौतुक करतात. मला पायमोजाच महत्त्वाचा वाटतो. पाणी कमी होईल तसा तो आवळत गेला असणार, कुणाच्या अंगठ्याची वाट न बघता.

म्हणून मी सॅकच्या आत ताणाच्या कापडाची एक खोळ शिवून घेतली आहे. पहिल्या लिटरपर्यंत ती झकास धरते. शेवटच्या अर्ध्या लिटरला सैल पडते, आणि घामानं इलॅस्टिकचा जीव एका हंगामात जातो. खोळ आणखी अरुंद केली तर भरलेला ब्लॅडर आत जात नाही. नाडी घालावी, तर ती ओढायला पुन्हा अंगठाच लागतो. सध्या खोळीच्या फक्त खालच्या भागाला दुहेरी कापड लावून पाहतो आहे.