वाळवंटातील नऊ मुक्काम

शाळेच्या या स्मरणिकेसाठी प्रवासाविषयी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा घेऊन मी व माझी पत्नी अमेरिकेत कन्येकडे गेलो होतो, हे आपल्या शाळा-परिवारास ठाऊक आहेच. परतल्यावर वसतिगृहातील मुलांनी उंच इमारतींविषयी, विमानाविषयी, समुद्राविषयी अनेक प्रश्न विचारले. वाळवंटाविषयी मात्र कोणीच विचारले नाही. त्या प्रवासातील नऊ रात्री आम्ही दोघांनी वाळवंटातील राष्ट्रीय उद्यानांत, स्वतःच्या हाताने उभारलेल्या तंबूत काढल्या आणि दिवसभर पायी हिंडलो. पन्नाशी उलटलेल्या शिक्षकाने व त्याच्या पत्नीने असे काही केले असेल, अशी कल्पना कोणाला नसावी.

कन्या व जावई लॉस एंजेलिसजवळ राहतात. दोघांनाही रजा नव्हती. त्यांनी गाडी, तंबू, झोपण्याच्या उबदार पिशव्या आणि गॅसची लहान शेगडी आमच्या स्वाधीन केली. तेथे चालकाचे आसन डाव्या बाजूला असते. त्याची सवय होण्यास दोन दिवस लागले. निघण्याच्या आदल्या रात्री माझ्या थोरल्या बहिणीचा गावाहून फोन आला. बेत ऐकून अक्का म्हणाली, "अरे, आपल्या मायबापानं ऊसतोडीच्या कोपीत, उघड्यावर जन्म काढला. तुम्हाला छप्पर मिळालंय, तर पैसे मोजून उघड्यावर निजायला कशापायी जाता?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्या आधीच्या पिढ्या मैलोन्मैल चालल्या त्या कामासाठी, पाण्यासाठी, जगण्यासाठी. केवळ चालण्यासाठी चालणे, पाहण्यासाठी पाहणे ही चैन आपल्या समाजाला परवडणारी नव्हती. मग आम्ही दोघे तेथे नेमके कशासाठी जात होतो?

पहिले दोन मुक्काम जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात होते. मोहावी व कोलोरॅडो ही दोन वाळवंटे या ठिकाणी एकमेकांस भिडतात. ज्या झाडावरून उद्यानाला नाव मिळाले, ते आपल्याकडील घायपाताच्या जवळच्या कुळातले. फांद्या वर उचललेल्या आणि टोकाला सुऱ्यांसारख्या पानांचे झुबके. या उद्यानातील बहुतेक मुक्कामाच्या जागांवर पाण्याची सोय नाही. माणशी रोज किमान चार लिटर पाणी सोबत बाळगावे, असे उद्यानाचे लोक सांगतात. आम्हा दोघांच्या दोन दिवसांसाठी सोळा लिटर पुरले असते. पत्नीने चाळीस लिटर भरून घेतले. "आई, इतकं कशाला?" असे कन्येने विचारले, तेव्हा तिने झाकणे घट्ट करीत एवढेच सांगितले, "उरलं तर फेकायचं नाही, परत आणायचं."

तिचे माहेर बीड जिल्ह्यात. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा ती चार वर्षांची होती. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आपल्या वस्तीतील स्त्रियांनी दूर उभे राहायचे आणि कोणी तरी वरून घागरीत ओतेल तेव्हा पाणी घ्यायचे, अशी रीत होती. आईच्या पदराला धरून तिने तेथे तासन्‌तास काढले आहेत. पाण्याच्या हिशेबात ती आजही माझ्यावर भरवसा ठेवत नाही.

तंबू उभारण्यास पहिल्या दिवशी आम्हाला तासभर लागला. गोल गुळगुळीत अजस्र खडकांच्या आडोशाने वारा अडवून आम्ही शेगडीवर पिठले केले आणि बरोबर आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी थापल्या. रात्री दूरवर कोल्ह्यांच्या जातीचे कायोटी ओरडत होते. पत्नी म्हणाली, "अहो, हे तर आपल्या शिवारातल्यासारखंच ओरडतात." मग आम्हाला झोप लागली.

तिसऱ्या दिवशी उत्तरेस डेथ व्हॅली, म्हणजे मृत्यूचे खोरे म्हणून प्रसिद्ध असलेल्या उद्यानात पोहोचलो. रस्ता उतरतच राहतो. बॅडवॉटर नावाच्या जागी आपण समुद्रसपाटीखाली सुमारे ८६ मीटर असतो. उत्तर अमेरिकेतील हा सर्वांत सखल भूभाग. मागच्या कड्यावर, मान पूर्ण वर केल्यावर दिसेल अशा उंचीवर, समुद्रसपाटीची पाटी लावलेली आहे. समोर क्षितिजापर्यंत पांढरे मीठ. त्याच्या पृष्ठभागावर मधमाशांच्या पोळ्यासारख्या आकृती उमटलेल्या. १० जुलै १९१३ रोजी याच खोऱ्यातील फर्नेस क्रीक येथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, ते जगातील उच्चांकी मानले जाते. वर्षभराचा पाऊस सुमारे पाच सेंटिमीटर, म्हणजे आपल्या दुष्काळी तालुक्यांच्या दहाव्या हिश्श्याइतका. आम्ही गेलो तेव्हा नोव्हेंबर होता, म्हणून दिवसा चालणे शक्य झाले. गोल्डन कॅनियन या पिवळ्या मातीच्या घळीतून आम्ही लाल कड्यांपर्यंत जाऊन आलो. हार्मनी बोरॅक्स वर्क्सचे अवशेषही पाहिले. १८८० च्या दशकात चिनी मजुरांनी या खोऱ्याच्या तळातून सवागी खरवडून गोळा केली आणि वीस जनावरांच्या गाड्यांनी ती रेल्वेपर्यंत वाहून नेली गेली. त्या गाड्यांची चित्रे जाहिरातींतून घरोघरी पोहोचली. मजुरांची नावे मात्र फारशी कोठे दिसत नाहीत. त्याच दशकात, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला होता.

फर्नेस क्रीकच्या मुक्कामी पाण्याचा नळ होता. सकाळी आमचा कॅन घेऊन पत्नी तेथे गेली. तिच्या मागून एक वृद्ध गोरे गृहस्थ आले, त्यांच्यामागे एक मेक्सिकन कुटुंब. नळावर पहिली ती होती. तरीही त्या माणसांना पाहताच ती सवयीने दोन पावले बाजूला सरली. मी काही अंतरावर उभा राहून पाहत होतो. त्या गृहस्थांनी हाताने खूण केली, "आधी तुम्ही." ती क्षणभर थांबली, पुढे झाली, कॅन काठोकाठ भरला आणि तोटी नीट बंद करून बाजूला झाली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची विहीर अंगात किती खोल उतरलेली असते, हे मी त्या सकाळी पाहिले. परतताना ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच नळावर गेली आणि रांगेत आपल्या जागी उभी राहिली.

आता इतिहासाच्या शिक्षकाला भाग पडते ते सांगतो. ज्या खोऱ्याला १८४९ मध्ये सोने शोधण्यासाठी निघून वाट चुकलेल्या परक्या प्रवाशांनी मृत्यूचे नाव दिले, तेथे टिम्बिशा शोशोनी लोक पिढ्यान्‌पिढ्या जगत आले. हिवाळा खोऱ्यात, उन्हाळा शेजारच्या उंच पर्वतांत. खाण्यास मेस्कीटच्या शेंगा व पाइनचे दाणे. त्यांच्या बोलीतील नाव तेथील लाल गेरूवरून आले आहे. म्हणजे ज्या जागेला बाहेरच्यांनी मरणाची ओळख दिली, तिला तेथील माणसे रंगाने ओळखत होती.

१९३३ मध्ये सरकारने हे खोरे संरक्षित राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केले, तेव्हा या लोकांना विचारले नाही. १९३६ मध्ये फर्नेस क्रीकजवळ चाळीस एकरांची वस्ती ठरवून मातीच्या विटांची काही घरे बांधून दिली गेली. पुढे प्रशासनाला ही वस्तीही नकोशी झाली. उन्हाळ्यात कुटुंबे थंड डोंगरांत गेली की रिकामी दिसणारी घरे पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी पाडली जाऊ लागली. जेथे पाणी इतके दुर्मीळ, तेथे पाणीच घर मोडण्याचे हत्यार व्हावे, हे वाचून माझे मन सुन्न झाले. तरीही काही कुटुंबे जागा सोडून गेली नाहीत. १९८३ मध्ये त्यांना जमात म्हणून सरकारी मान्यता मिळाली आणि २००० साली खास कायद्याने एकूण सुमारे ७,७५० एकर जमीन त्यांच्या नावे झाली. त्यांपैकी ३१४ एकर फर्नेस क्रीक येथेच आहे. १९३३ ते २०००, म्हणजे सदुसष्ट वर्षे. आमच्या तंबूपासून त्यांची वस्ती फार दूर नव्हती.

कागदोपत्री 'ओसाड' किंवा 'पडीक' असा शेरा असलेल्या जमिनीवर माणसे असतात, हे आपल्याला नव्याने सांगावे लागत नाही. गायरानावर पोट भरणारी कुटुंबे आपल्या शाळेच्या पालकांतही आहेत, आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांची नातवंडे आपल्या वर्गांत बसतात.

चार रात्रींनंतर आम्ही पूर्वेकडे, ॲरिझोनातील ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावर गेलो. येथील उंची सुमारे २,१०० मीटर. रात्री पारा शून्याखाली गेला आणि कॅनमधील पाणी वरून गोठले. कोलोरॅडो नदीने कोरलेल्या या दरीत खडकांचे थर पुस्तकाच्या पानांसारखे उघडे पडले आहेत. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. येथील कड्याचा सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत तरुण थर सुमारे सत्तावीस कोटी वर्षांचा, आणि तळाचा खडक सुमारे १७० कोटी वर्षांचा.

नकाशा उघडला आणि आम्ही चकित झालो. १८८० च्या सुमारास क्लॅरन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाने दरीतील शिखरांना पौर्वात्य दैवतांची नावे देण्याची प्रथा पाडली. विष्णू, शिव, ब्रह्मा सर्व आहेत. बुद्धाच्या नावाचे शिखर आहे आणि त्याच्याजवळच मनूच्या नावाचेही आहे. मी बोट ठेवून दाखवले तेव्हा पत्नी हसून म्हणाली, "इथंही शेजारीच का हो?" या नावांच्या गर्दीत, त्या दरीत शेती करणाऱ्या हवासुपाई लोकांना स्थान मिळण्यास फार काळ गेला. १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. दरीतील झऱ्याकाठी त्यांचे मळे होते. तेथील उरलेल्या कुटुंबालाही १९२८ मध्ये निघावे लागले. १९७५ च्या कायद्याने सुमारे १ लाख ८५ हजार एकर भूमी जमातीला परत मिळाली, आणि त्या मळ्यांच्या जागेला 'हवासुपाई गार्डन्स' हे नाव २०२२ मध्ये दिले गेले.

ब्राइट एंजल वाटेने आम्ही पहिल्या विसाव्यापर्यंत, सुमारे अडीच किलोमीटर, उतरलो. येथे डोंगर चढण्याचा क्रम उलटा असतो. आधी सोपी उतरण, मग थकलेल्या पायांनी चढण. म्हणून चढण्यास दुप्पट वेळ धरावा, असे रक्षक बजावतात. विसाव्यावर बसून आम्ही शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. खाली, फार खोलवर, झाडांचा हिरवा पट्टा दिसत होता. तीच हवासुपाईंच्या मळ्यांची जागा. बराच वेळ तिकडे पाहून पत्नी म्हणाली, "आजवर जिथं चालत गेले, तिथं काही तरी आणायला गेले. पाणी, सरपण, रेशन. आज नुसतीच चालले." नंतर ती उठली आणि माझ्या पुढे चढू लागली. वर पोहोचेपर्यंत ती तीनदाच थांबली. मी किती वेळा थांबलो ते मोजले नाही.

अक्काच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वाक्यात मिळाले. आई-वडील उघड्यावर निजले, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आम्ही निजलो ते आमच्या इच्छेने, आणि सकाळी तंबू गुंडाळून पुढे कोठे जायचे हेही आम्हीच ठरवीत होतो. या दोन निजण्यांमधील अंतर कापण्यास दोन पिढ्यांचे कष्ट, शिक्षण आणि एक चळवळ लागली. ते अंतर कापल्यावर मिळालेला आनंद नाकारण्याचे कारण नाही. मात्र तो आनंद घेताना ही भूमी कोणाची होती, तिचे मूळ नाव काय, येथून कोण उठवले गेले, हे विचारणे आपले काम आहे. जे स्वतः उठवले गेले आहेत, त्यांना हा प्रश्न विसरण्याची मुभा नाही. तथागतांनी भिक्खूंना चारिकेस पाठविले ते लोकांच्या हितासाठी. लोकांना न पाहता केवळ देखावे पाहून परतणारी चाल त्या परंपरेत बसणार नाही.

मुख्याध्यापकांशी बोलून यंदापासून नववीच्या सहलीत एक रात्र तंबूत काढण्याचे ठरले आहे. चार तंबू शाळेच्या भांडारात आले आहेत. जागा दूरची नाही. वसतिगृहाच्या गच्चीवरून दिसणारी टेकडीच निवडली आहे. पाण्याचा हिशेब मुली करतील आणि स्वयंपाक मुले करतील. प्रत्येकाने वही घेऊन पायथ्याच्या वस्तीतील वडीलधाऱ्यांना त्या टेकडीचे, ओढ्याचे व पाणवठ्याचे जुने नाव विचारून लिहून आणावयाचे आहे, आणि पूर्वी त्या पाणवठ्यावर कोणाला जाता येत नव्हते, हेही. त्या वह्यांतील निवडक नोंदी पुढील स्मरणिकेत वाचावयास मिळतील. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना या सहलीस सोबत यावयाचे असेल, त्यांनी शाळेस कळवावे. चढण फार नाही, पण पाणी आपापले आणावे लागेल.