पनवेलचें परसूं आणि लहान जनित्र

पनवेल हें गांव बहुतेकांस वाटेवरचें म्हणूनच ठाऊक असतें. मुंबईहून पुण्यास किंवा कोंकणांत जाणारा मनुष्य येथें गाडी बदलतो, चहा घेतो आणि पुढें जातो. ज्यांचीं तीन तीन पिढ्यांचीं घरें येथें आहेत त्यांचें पनवेल निराळें. १८५२ सालची जुनी नगरपालिका (२०१६ सालीं तिची महानगरपालिका झाली), वडाळें तळें, बल्लाळेश्वराचें देऊळ, धूतपापेश्वराच्या औषधांची १८७२ पासूनची कीर्ति, आणि जुन्या घरांच्या मागें विहीर, दोन-चार माड व अळवाचा वाफा असलेलें परसूं. या परशाची गोष्ट पुढें पुनः यावयाची आहे, म्हणून ती आरंभींच काढून ठेविली.

आमचे वडील बंधु, ज्यांस घरांत सर्व दादा म्हणतात, फुफ्फुसांच्या विकारामुळें रात्रीं प्राणवायूचें यंत्र लावून निजतात. दवाखान्यांत त्यास कॉन्सन्ट्रेटर म्हणतात. खोलींतल्याच हवेंतून नायट्रोजन वेगळा काढून उरलेला प्राणवायु तें नळीवाटे नाकाशीं पोंचवितें. मात्र त्यास वीज अखंड लागते. दोन वर्षांपूर्वीं आषाढांत रात्रीं साडेअकरा वाजतां वीज गेली. घरचा इन्व्हर्टर लागला, पंखा फिरूं लागला आणि आम्ही निश्चिंत झालों. अडीच वाजतां तो कूं कूं करूं लागला व थोड्याच वेळांत थंड पडला. उशाशीं एक लहान सिलिंडर होता, तोहि आधीं थोडा वापरलेला. तो लाविला. त्याचा कांटा जसजसा खालीं येई तसतसें आमचें लक्ष घड्याळाकडे जाई. दादा तक्क्यास टेकून बसले होते. बोलणें त्यांस जड जात होतें, तरी एकदां म्हणाले, "अरे, तूं नीज. दोघांनीं जागून वीज कांहीं लौकर येत नाहीं." पांच वाजतां वीज आली, तेव्हां कांटा लाल रेघेच्या आंत गेला होता.

जें गणित आधीं मांडावयास पाहिजे होतें तें आम्हीं दुसऱ्या दिवशीं मांडलें. जन्मभर पोरांकडून गणितें सोडवून घेणाऱ्याच्या घरीं हें व्हावें याची लाज वाटली. बारा व्होल्टची, दीडशें अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. तिला फार न पिळतां आणि इन्व्हर्टरची गळती वजा घालून त्यांतले तेराशें हातीं लागले तर पुष्कळ. प्राणवायूचें यंत्र ३५० वॅट, जुना पंखा ७५, झाले ४२५. तेराशेंस सव्वाचारशेंनीं भागा. उत्तर तीन तास. यंत्र बरोबर वेळेवर थांबलें होतें, चूक आमची.

वस्तुतः विजेचें माहेर आमच्यापासून फार दूर नाहीं. लोणावळ्याकडील तळ्यांचें पाणी घाट उतरवून खोपोलीस टाटांनीं १९१५ सालीं वीज उत्पन्न केली व ती मुंबईस नेली. आमच्या लहानपणीं मात्र कंदिलाची कांच पुसणें हें मुलांचें संध्याकाळचें काम असे. आतां दिवे सर्वत्र आहेत, पण निसर्गापुढें कोणाचें चालत नाहीं. ३ जून २०२० रोजीं रायगडच्या किनाऱ्यावर 'निसर्ग' याच नांवाचें वादळ आलें, तेव्हां खांब उन्मळून कित्येक गांवें दिवसेंदिवस अंधारांत राहिलीं. त्याच वर्षीं १२ ऑक्टोबरला मुंबई, ठाणें व नवी मुंबई यांची वीज एकदम गेली, ती तर भर दिवसा.

म्हणून लहानसें जनित्र घ्यावें असें ठरलें. बाजारांत जाऊन आम्हीं 'इन्व्हर्टर जनरेटर' मागितला, तों दुकानदारानें बॅटरीचा डबा पुढें केला. त्याची चूक नाहीं. आपल्याकडे इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीचा, अशी रूढि पडली आहे. हें यंत्र वेगळें. साध्या जनित्रांत एंजिनास मिनिटास तीन हजार फेरे घ्यावेच लागतात, तेव्हां कोठें पन्नास आवर्तनांची घरगुती वीज निघते. मग तुम्ही एक दिवा लावा कीं दहा. वर्गांत शिकवूं लागलें तरी आणि न लागलें तरी सारख्याच मोठ्यानें ओरडणाऱ्या मुलासारखा हा प्रकार. इन्व्हर्टर जातीच्या यंत्रांत एंजिनाची वीज प्रथम एकदिश करून मग इलेक्ट्रॉनिक मंडलानें तिला पुनः नीट लहरींचें रूप देतात. त्यामुळें एंजिनाचा वेग भाराप्रमाणें कमीजास्त होऊं शकतो. पेट्रोल वांचतें, गोंगाट कमी होतो, आणि नाजूक यंत्रांस सोसेल अशी सम वीज मिळते. किंमत साध्या जनित्राहून बरीच अधिक. पण दोन किलोवॅटचें साधें जनित्र चाळीस किलोंच्या घरांत जातें, आणि एक किलोवॅटचें हें तेरा किलोंच्या आसपास.

तेरा किलो ऐकतांच दादांच्या नातवाचे डोळे चमकले. तो डोंगर चढणारा. एकच यंत्र घरासहि आणि रानांतील मुक्कामासहि चालेल, असें त्याचें म्हणणें. त्याच्या एका मित्राकडे तसलें यंत्र होतें. तें दोन दिवसांसाठीं मागून आणलें, आणि मार्गशीर्षांत आम्ही सर्व प्रबळमाचीस निघालों. विकत घेण्यापूर्वीं वस्तु वापरून पाहावी हा हेतु. शिवाय माची पाहून आम्हांस पुष्कळ वर्षें झालीं होतीं.

ठाकूरवाडीपर्यंत गाडी जाते, पुढें पायवाट. मुलें पाळीपाळीनें यंत्र उचलीत. दोन तासांच्या चढांत आम्ही चार वेळां बसलों. यंत्रहि तितक्याच वेळां बसलें. माचीवर पोंचलों तेव्हां ऊन उतरलें होतें. एकीकडे प्रबळगड, ज्यास जुन्या कागदांत मुरंजन म्हटलें आहे. दुसरीकडे कलावंतीणीचा सुळका आणि त्यावर खडकांत कोरलेल्या पायऱ्या. त्याच डोंगररांगेंत इर्शाळगड आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं त्याच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखालीं गेली, तेव्हां रस्ता नसल्यामुळें मोठीं यंत्रें वर चढूं शकलीं नाहींत. माणसांनीं हातांनीं माती उपसली. माणसाच्या खांद्यावरून जाणाऱ्या वस्तूचें मोल अशा ठिकाणीं कळतें.

काळोख पडला. खालीं पनवेलचे दिवे पसरले. मुलांनीं यंत्र तंबूंपासून दूर ठेवून दोरी ओढली. दोन दिवे लागले, सात-आठ फोन भारावयास लागले. आवाज फार नव्हता. घरांत असता तर आम्हीं कौतुकच केलें असतें. पण माचीवर रातकिड्यांशिवाय दुसरा आवाज नव्हता, आणि त्यांत ती गुरगुर दातांत अडकलेल्या सुपारीसारखी वाटूं लागली. ज्यांच्या घरीं आम्ही जेवलों ते ठाकर गृहस्थ थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, आतां बंद करा तें. भाकर खायाला चांदणं पुरतंय." नातवानें मुकाट्यानें बटण दाबलें. फोनांस आणि दिव्यांस लिथियमची एक लहान पेटी पुरली असती, हें त्यानेंच खालीं उतरतांना कबूल केलें. रानांत जनित्र न्यावें तें कोणी आजारी असेल किंवा संकट असेल तेव्हां, असें आमचें मत झालें. आणि कर्नाळ्यासारख्या अभयारण्याच्या आसपास तर नेऊंच नये.

तरी फेरा फुकट गेला नाहीं. निम्म्या भारावर दोन लिटर पेट्रोल पांच तास पुरतें, हें आम्हीं दुसऱ्या दिवशीं घरीं दादांचें यंत्र आणि पंखा प्रत्यक्ष लावून पाहिलें. नातवाचा आग्रह मोठ्या यंत्राचा होता. फ्रिज चालेल, विहिरीवरचा पंप चालेल. पंपाची मोटर सुरू होतांना नेहमींच्या कित्येक पट वीज ओढते, तेवढ्यासाठीं दुप्पट यंत्र घ्यावें लागेल. टाकी संध्याकाळीं भरून ठेवणें सोपें. फ्रिजचें दार उघडलें नाहीं तर आंतला गारवा चार तास टिकतो. न थांबावी अशी वस्तु घरांत एकच होती. लहान यंत्र ठरलें.

खरा प्रश्न यापुढचा, आणि त्याविषयीं दुकानांत कोणी बोलत नाहीं. कोंकणांत वीज जाते ती बहुधा पावसांत. यंत्र भिजतां कामा नये, आणि घरांत तर आणतां कामाच नये. पेट्रोलच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि आपलें रक्त त्यास प्राणवायूहून दोनशें पटींच्या सुमारास अधिक ओढीनें धरतें. ज्या श्वासासाठीं यंत्र घ्यावयाचें तोच श्वास पडवींत ठेवलेलें यंत्र हिरावून घेईल. खिडकी उघडी ठेवली तरी भागत नाहीं. दारा-खिडक्यांपासून निदान वीस फूट अंतर हवें.

येथें परसूं उपयोगी पडलें. विहिरीपलीकडे, मागच्या दारापासून अठ्ठावीस फुटांवर, दीड फूट उंचीचा ओटा बांधून चार खांबांवर पत्रा घातला. चारी बाजू मोकळ्या. परसूं घराच्या पूर्वेस आहे, आणि पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून धूर घराबाहेर गल्लीकडे जातो. दादांच्या खोलींत कार्बन मोनॉक्साइडची घंटाहि लाविली. तारा जोडणारा कारागीर म्हणाला, दोन्ही टोकांस पिना असलेली वायर करून देतों, भिंतींतल्या प्लगांत खोंचली कीं सर्व घर उजळेल. पुष्कळ ठिकाणीं असें करितात. परंतु ती वीज उलट रस्त्यावरच्या तारांत जाते, आणि तार बंद आहे असें समजून खांबावर चढलेला मनुष्य मरतो. आम्हीं जाड तांब्याची एक वायर ओट्यापासून खोलीपर्यंत वेगळी आणविली. प्राणवायूचें यंत्र आणि पंखा थेट तिच्यावर. घराच्या तारांशीं संबंध नाहीं.

नवीन पनवेल, कामोठें, खारघर येथील वाचकांस आमचा हा इलाज उपयोगाचा नाहीं. सज्जांत पेट्रोलचें यंत्र ठेवूं नये, हें निक्षून सांगतों. त्यांनीं लिथियमची मोठी पेटी घ्यावी, वॅट-तासांचें गणित मांडून घ्यावी, आणि आजारी मनुष्य असेल तर भरलेला सिलिंडर ठेवावाच. तो आम्हीहि ठेवितों. आमच्या घराविषयींहि दर वर्षीं कोणी ना कोणी विचारणा करितो. सात मजले उठतील, तुम्हांस दोन जागा मिळतील. पूर्वीं वहिनी अशा माणसास निदान चहा तरी करीत.

जपणूकहि आहे. आजच्या पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल असतें. तें हवेंतील ओल धरतें, आणि पेट्रोल पडून राहिलें तर कार्ब्युरेटर धरतो. म्हणून महिन्यांतून एकदां, एकादशीस, यंत्र पाव तास भार देऊन चालवावयाचें, मग पेट्रोलचा नळ बंद करून आपोआप थांबूं द्यावयाचें. एरंडाच्या झाडाखालीं धातूच्या डब्यांत पांच लिटर, अधिक नाहीं, आणि प्राणवायूच्या सिलिंडरापासून शक्य तितकें दूर.

गेल्या भाद्रपदांत एका रात्रीं दहाच्या पुढें वीज गेली. निवासी वस्तींत रात्रीं दहानंतर पंचेचाळीस डेसिबलांची मर्यादा आहे, म्हणून शेजारीं आधींच सांगून ठेविलें होतें. बॅटरीवर पहिले दोन तास काढले, मग नातवानें कंदील घेऊन ओट्यावर जाऊन दोरी ओढली. खोलींतून तो आवाज पावसांत विरल्यासारखा ऐकूं येई. शेजारच्या बाई छत्री घेऊन लहान मुलाचें वाफेचें यंत्र घेऊन आल्या. त्यासहि पांच-दहा मिनिटें वीज दिली. दादा कुशीस वळून निजले होते. सकाळीं सहास वीज आली तेव्हां टाकींत बोटभर पेट्रोल उरलें होतें, आणि नातू डबा घेऊन पंपावर गेला.