पाकिटातील सही आणि न टाकलेले पत्र

१/ निवृत्त फुटबॉलपटूंना पत्र पाठवून त्यांची सही मागवणे हा छंद अनेकांना पोरकट वाटतो. आरंभी मलाही तसेच वाटे. वसईत चर्चच्या पटांगणांवरचे सामने पाहत वाढल्यामुळे खेळाची ओढ होती. इतिहासाचा अभ्यास सुरू झाल्यावर मात्र या सह्यांकडे मी इतिहासाची साधने म्हणून पाहू लागले. आजचा धागा त्याविषयी.

२/ प्रथम पार्श्वभूमी. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमवून उपांत्य फेरी गाठली. त्या सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळत. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. १९८० साली, पन्नाशीही न गाठता, ते निवर्तले.

३/ १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. ‘मैदान’ (२०२४) या चित्रपटामुळे ही कथा आपल्या पिढीला ठाऊक झाली. त्या सुवर्णसंघातील हाफबॅक फोर्तुनातो फ्रांको हेही टाटांच्याच संघाचे.

४/ २० मार्च २०२० रोजी पी. के. बॅनर्जी गेले, ३० एप्रिलला चुनी गोस्वामी. तेव्हा मी गोव्यात राहणाऱ्या फ्रांकोंना पत्र लिहिले, पाकिटावर तिकीटही लावले. पण ‘टाळेबंदी पुरती उठली की टाकू’ असे म्हणत ते खणात ठेवले. टाळेबंदी उठली, तरी पत्र खणातच राहिले. १० मे २०२१ रोजी फ्रांको गेले. ते पाकीट आजही माझ्याकडे आहे.

५/ त्यानंतर मी थांबले नाही. माझी रीत साधी आहे. हाताने लिहिलेले एक पानी पत्र, दोन कोरी कार्डे (एक त्यांना ठेवण्यासाठी), घडी पडू नये म्हणून जाड पुठ्ठा, आणि माझा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले परतीचे पाकीट. कुणाच्या घरचा पत्ता मी समाजमाध्यमांवर विचारत नाही. जुन्या क्लबमार्फत पत्र पोहोचवते. सहीसोबत एकच प्रश्न विचारते, आणि तो नेमका असतो. ‘आपले अनुभव सांगा’ असे लिहिले तर वृद्ध माणसाने कोठून आरंभ करावा?

६/ मुंबईत एका कंपनीच्या संघातून खेळलेल्या एका गृहस्थांना मी कूपरेजवरील एका सामन्यातील त्यांच्या गोलाविषयी विचारले होते. वृत्तपत्राचे कात्रण माझ्याजवळ होते. चार महिन्यांनी पाकीट परत आले. सही वाकडीतिकडी होती. हात थरथरतो म्हणून त्यांनी क्षमा मागितली होती. कार्डाच्या मागे लिहिले होते, की तो गोल त्यांचा नव्हताच, एका सहकाऱ्याचा होता. छापून आल्यावर दुरुस्त करायला कोणी गेले नाही. सहकाऱ्याचे नाव लिहून त्याखाली त्यांनी रेघ ओढली होती.

७/ मग खरे काय मानायचे? कात्रण दुसऱ्या दिवसाचे, पण वार्ताहर दूर बसलेला. आठवण मैदानातली, पण कित्येक दशकांनंतरची. कोणतेही एक साधन मी अंतिम मानत नाही. टिपणात दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लिहिल्या आहेत. तरीही स्वतःच्या नावावरचा गोल सोडून देणाऱ्या साक्षीला वजन असते. या साक्षीत सांगणाऱ्याचा काहीच लाभ नाही.

८/ ज्याचे नाव वृत्तपत्रात आले नाही, तो सहकारी हयात नाही. त्यांच्या कुटुंबाला मी त्या कार्डाची प्रत पाठवली आहे. उत्तर अद्याप नाही. तुमच्या गावातही कधीकाळी जिल्ह्याकडून, रेल्वेकडून किंवा एखाद्या गिरणीच्या संघातून खेळलेले कुणी आजोबा असतील. त्यांना या आठवड्यात पत्र लिहा. आणि लिहून झाले की त्याच दिवशी पेटीत टाका.