तुटलेली फुली

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर गेले वर्षभर एक काळी दुर्बीण आडवी पडून आहे. बंदुकीवर बसवतात तसली. डोळ्याला लावली तर अंगणापलीकडच्या कडुनिंबाचे पान न् पान दिसते. मात्र मधोमध असायला हवी ती बारीक काळी फुली जागेवर नाही. तिची एक रेघ तुटून खाली लोंबते आहे. ती माझ्या हातून तुटली. कशी, ते सांगण्यासाठी हा प्रपंच.

आमचे घराणे होळकरांच्या चाकरीच्या निमित्ताने इंदुरास आले आणि इथलेच झाले. घरात एके काळी बंदुका होत्या म्हणतात. मी पाहिल्या त्या फक्त भिंतीतल्या खुंट्या. नेमबाजीची गोडी मला लावली ती अण्णांनी, तीही वयाच्या पन्नाशीनंतर. अण्णा सैन्यातून निवृत्त होऊन महूलाच राहिले होते. शेतरक्षणाच्या परवान्याची पॉइंट टू-टू रायफल त्यांच्याकडे होती आणि तिच्यावर ही दुर्बीण. रविवारी सकाळी त्यांच्या शेतावर मातीच्या उंच बांधासमोर आम्ही पुठ्ठे लावून बसत असू. बोलणे फारसे होत नसे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मागची खाच, पुढची माशी आणि निशाण ही तीन ठिकाणे एकाच वेळी स्पष्ट दिसणे मला अशक्य झाले, तेव्हा अण्णांनी रायफल माझ्या हाती देऊन सांगितले, "यातून पाहा. इथे सगळे एकाच पडद्यावर येते."

अण्णा गेल्यावर रायफल रीतीप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा झाली. दुर्बीण काही शस्त्र नव्हे. ती घरी राहिली. दिवस झाल्यावर वहिनींनी ती जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "तुम्हीच न्या, भावजी. इथे नुसती धूळ खाईल."

दोन वर्षे ती कपाटात होती. मग मनाने घेतले की हिच्यासाठी एक एअर रायफल घ्यावी. परवान्याच्या खटपटीचे माझे वय राहिले नव्हते. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, "बाबूजी, पावर कितना चाहिए?" खरे उत्तर असे होते, की पंधरा-वीस मीटरवरच्या पुठ्ठ्याला भोक पाडण्याइतके. ऑलिंपिकमधल्या एअर रायफलची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल असते. तेवढ्या बळावर दहा मीटरवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याचा वेध घेतात, आणि तोही दुर्बिणीविना. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात. हे सारे मला ठाऊक होते. तरी तोंडातून निघाले ते, "कायद्यात बसणारी सर्वांत जोरदार दाखवा."

त्याने दाखवलेली नळी मोडून भरायची, स्प्रिंगची रायफल साडेतीन किलोंच्या आसपास होती. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८० मीटर वेगाने गेला की हिशेब साडेएकोणीस ज्यूलपर्यंत पोचतो. म्हणजे अगदी काठावर. दुकानात नळी खाली ओढताना माझा खांदा कुरकुरला, पण काउंटरवर दोन तरुण पोरे पाहत होती. पैसे मोजून मी बाहेर पडलो.

अण्णांची दुर्बीण तिच्यावर चढवली आणि पुतण्याच्या शेतावर गेलो. पहिले दहा-बारा छर्रे पुठ्ठ्यावर वितीभर अंतरात विखुरले. मी दोष वाऱ्याला दिला. विसाव्या छर्ऱ्यापाशी लक्षात आले, की दुर्बीण आपल्या पकडीतून दोराभर मागे सरकली आहे. स्क्रू आवळले. चाळिसाव्याच्या सुमारास डोळा लावला तर फुली वाकडी. पुढच्या बाराला ती तुटलीच.

लाजेची गोष्ट ही, की मी तेहतीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. फळ्यावर न्यूटनचा तिसरा नियम लिहिण्यात किती खडू झिजवले असतील! साध्या बंदुकीचा धक्का एकाच दिशेने, मागे, बसतो आणि तिच्या दुर्बिणी तेवढाच धक्का सोसण्याच्या बेताने बांधलेल्या असतात. पॉइंट टू-टूचा धक्का तर फारच सौम्य. स्प्रिंगच्या रायफलीत मात्र चाप ओढताच दट्ट्या पुढे झेपावतो, म्हणून बंदूक मागे येते. आणि क्षणात तोच दट्ट्या दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो, तेव्हा सारी बंदूक उलट पुढे हिसडते. हा दुसरा, पुढचा हिसका दुर्बिणीच्या नाजूक अवयवांना मुळापासून हलवतो. रायफल जितकी जोरदार, तितका तो कठोर. दुकानात मी जी ताकद मागून घेतली, तिनेच अण्णांची फुली तोडली.

पुढचे शहाणपण उशिराचे. एअर रायफलसाठी म्हणून बांधलेली दुर्बीण घ्यावी लागते. मोठेपणा फार नको. तीन ते नऊ पट पुष्कळ झाला. तिचे पुढचे भिंग फिरवून दहा मीटरपासून जुळवता आले पाहिजे, नाहीतर डोळा जरा हलला की फुली निशाणावरून सरकते. पकड एकसंध हवी आणि तिच्यातली खीळ नळीमागच्या भोकात बसली पाहिजे, म्हणजे दुर्बीण मागे सरकत नाही. हे केले. पण त्याहून फरक पडला तो हात सैल सोडल्याने. छर्रा नळीत असतानाच बंदूक हलू लागते. तिला आवळून धरले की दर खेपेला आपलाच ताण निशाणात मिसळतो. दस्ता उघड्या तळव्यावर नुसता ठेवायचा आणि तिला हलायचे तसे हलू द्यायचे. आता वीस मीटरवर पाच छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसतात. नळी मात्र पुतण्या मोडून देतो. एका सकाळी पंधरा बारांपलीकडे मी जात नाही.

वहिनींना हे सांगणे राहिले होते. दर खेपेला महूला जायचो, चहा घ्यायचो, परत यायचो. गेल्या महिन्यात दुर्बीण बरोबर नेली आणि फडके सोडून सगळे सांगितले. दुहेरी धक्क्याचे व्याख्यानही दिले बहुधा. त्यांनी ते अर्धेमुर्धे ऐकले. दुर्बीण उचलून उलट्या बाजूने डोळ्याला लावली, माझ्याकडे रोखली आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"केवढे लांब दिसता हो, भावजी," त्या म्हणाल्या. मग ती खाली ठेवून विचारले, "हे सांगायला वर्ष का लावलेत?"

मला उत्तर सुचले नाही. त्यांनी फडके झटकले, दुर्बीण पुन्हा तशीच गुंडाळली आणि निघताना माझ्या पिशवीत ठेवली.